अंड्याच्या पिक्चरचा पहिला भाग

मी एक जुनी सीडी आहे, आणि तीसुद्धा अर्धीच. अर्धी म्हणजे तुटकी नव्हे, गैरसमज नको. मी मारामारीच्या एका पिक्चरचा पहिला भाग आहे. दुसरा भाग माझ्या जुळ्या बहिणीकडे होता आणि ती बहीण मला उभ्या जन्मात भेटली नाही. मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी सीडी हातातही धरली नसेल. तुमचे पिक्चर हवेतून येतात. आमच्या वेळी अख्खा पिक्चर एका सीडीत मावत नसे, म्हणून दोन लागत. पहिली संपली की पडद्यावर हिंदीत अक्षरं यायची, 'कृपया दूसरी सीडी लगाएँ', आणि घरातलं कुणीतरी उठून सीडी बदलायचं. ही अक्षरं तेवढी लक्षात ठेवा. माझ्या आयुष्यातलं बरंवाईट सगळं त्या अक्षरांपाशीच घडलं.

माझा जन्म पिंपरीत, खंडूच्या दुकानात झाला. खंडू लग्नाचं शूटिंग करायचा आणि रिकाम्या वेळात पिक्चरच्या नकला काढून विकायचा. नकला काढणं गैर असतं हे मला फार पुढे कळलं. जन्म काही आपल्या हातात नसतो. माझी पाठ तेव्हा अशी लखलखत होती, की खंडू तिच्यात बघून केस विंचरायचा. त्याने माझ्या तोंडावर काळ्या पेनाने 'फायटिंग भाग १' असं लिहिलं. पिक्चरचं खरं नाव काय होतं, ते त्याने कधी विचारलं नाही आणि मलाही कुणी सांगितलं नाही.

मला विकत घेतलं किसनरावांनी. किसनराव परभणीकडचे. ओळखीच्या एका माणसाच्या शब्दावर इकडे आले आणि चिखलीतल्या एका छोट्या कारखान्यात प्रेस मशीनवर लागले. पत्र्याची पट्टी मशीनखाली ठेवायची, दोन्ही हातांनी दोन बटणं दाबायची, की वरून जड साचा धाडकन खाली यायचा आणि पट्टीचा गाडीचा कसलासा भाग होऊन बाहेर पडायचा. दिवसभर तेच. घरी बायको सुभद्राबाई, मोठी मुलगी नेहा आणि धाकटा बुद्धभूषण. बुद्धभूषणला सगळे भूषण म्हणत, फक्त शाळेच्या हजेरीत आणि आईच्या रागात पूर्ण नाव निघायचं.

आपल्या या पट्ट्यात कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असते आणि शाळेला रविवारी. बाप घरी तेव्हा पोरं शाळेत, पोरं घरी तेव्हा बाप कामावर. चौघं एकत्र सापडायचे ते फक्त गुरुवारी संध्याकाळी. त्या एका संध्याकाळसाठी किसनरावांनी जुना प्लेअर आणला आणि प्लेअरच्या पोटासाठी मला आणि माझ्या बहिणीला.

आता माझ्यात काय होतं ते सांगते. बापाविना वाढणारा एक किडकिडीत मुलगा नव्या गावात येतो. तिथली दांडगी पोरं त्याला रोज बडवतात. गावाबाहेर कोंबड्या पाळणारा एक म्हातारा असतो, तो एके काळचा मोठा लढवय्या. मुलगा त्याच्या पायाशी बसतो. म्हातारा त्याच्या डाव्या मुठीत एक अंडं देतो आणि म्हणतो, आता उड्या मार, लाथा मार, पड, ऊठ. मूठ घट्ट राहिली पाहिजे आणि अंडं फुटता कामा नये. ज्या दिवशी हे जमेल त्या दिवशी तू लढायला तयार झालास. मुलगा किती अंडी फोडतो विचारू नका. शेवटी त्याला जमतं. तेवढ्यात म्हातारा अंथरुणाला खिळतो आणि मोठ्या सामन्याचा दिवस येतो. समोर आडदांड गडी. मुलाच्या डाव्या मुठीत अंडं. तो एक पाय पुढे टाकतो आणि मी संपते.

पहिल्या गुरुवारी मी संपले आणि पडद्यावर ती अक्षरं आली.

"घाल ना दुसरी, भूषण! घाल लवकर!" नेहा ओरडली.

भूषणने माझ्या बहिणीला आत सारलं. आणि पडद्यावर सनई वाजायला लागली. गुलाबी अक्षरांत 'करिष्मा' असं नाव आलं, त्याच्याभोवती हृदय फिरायला लागलं, मग मांडव, मग अक्षता, मग जिलेबी खाणारे कुणाचे तरी मामा. खंडूने घोळ घातला होता. 'फायटिंग भाग २' ही अक्षरं त्याने कुणाच्या तरी लग्नाच्या सीडीवर लिहिली होती. म्हणजे माझी सख्खी बहीण तिकडे कुठल्या तरी घरी नवरीच्या माहेरच्या माणसांसमोर मारामारी करत असणार. मला हसावं की रडावं कळेना. भूषणने मात्र रडायचं ठरवलं. त्याने असा सूर लावला की शेजारच्या खोलीतून विचारणा झाली.

किसनराव उठले आणि टीव्हीसमोर उभे राहिले.

"थांबा, रडू नका. पुढचं मला म्हाईत हाय."

"तुम्ही पाहिलाय, बाबा?" नेहाने विचारलं.

"मंग! कंपनीत एकानं दाखवलाय मला हा पिक्चर. आन गं नेहे, टोपलीतलं एक अंडं आन."

सुभद्राबाईंनी "अंडी खायाला आणलीत का खेळायला?" असं म्हणेपर्यंत अंडं किसनरावांच्या डाव्या मुठीत गेलंसुद्धा. ते पाय फाकवून उभे राहिले आणि सांगायला लागले.

"पोरगं आत गेलं. तो गडी म्हणला, दोन्ही हातांनी लढ, न्हाईतर मरशील. पोरगं म्हणलं, माझा एक हात कामात हाय. मंग काय, गडी हाणायलाय, हाणायलाय. पोरगं पडायलंय, उठायलंय. शेवटाला पडलं ते काय उठलंच न्हाई. हारलं."

"हारलं?" भूषणचा दुसरा सूर लागायच्या बेतात होता.

"अरे ऐक की. सगळे त्या गड्याला खांद्यावर घेऊन नाचायलेत. पोराकडं बघायला कुणी न्हाई. ते तसंच रगताचं तोंड पुसत म्हाताऱ्याकडं गेलं. मूठ पुढं केली. उघडली." किसनरावांनी मूठ उघडली. अंडं जसंच्या तसं होतं. "आता सांग. जिंकलं कोण, नेहे?"

नेहाने अंड्याकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं आणि सगळा जीव एकवटून ओरडली, "अंडं!"

"जिंकलं ना? मग द्या हिकडं, पोळी करते त्याची," सुभद्राबाई म्हणाल्या.

मित्रांनो, मी एक साधी नक्कल, पण त्या संध्याकाळी मला स्वतःचा फार अभिमान वाटला. पुढच्या गुरुवारी भूषण सीडी बदलून आणायला गेला, तर रस्ता रुंद होणार म्हणून खंडूचं दुकान उठलं होतं. कुणाला फारसं वाईट वाटलं नाही. त्यानंतर कित्येक गुरुवार मी लागले. अक्षरं आली की प्लेअर बंद व्हायचा, किसनराव उठायचे आणि शेवट सांगायचे. प्रश्नाला नाव मात्र नेहमी नेहाचंच असायचं. भूषणने तक्रार केली, तर म्हणायचे, "तू रडायलास तवा. ती विचार करायली होती."

त्या घरात 'अंडं' हा शब्दच वेगळा झाला. नेहाला गणितात कमी गुण पडले, की बाप विचारायचा, "अंडं फुटलं का? न्हाई ना? मग झालं." भूषण कबड्डीत हरून आला, तरी तेच. बाहेरच्याला वाटायचं, या घरात कुणीतरी कोंबड्या पाळतं.

मग एके दिवशी किसनराव दुपारीच घरी आले. उजव्या हाताला भलंमोठं बँडेज होतं. काम उरकावं म्हणून त्या कारखान्यात प्रेसचं एक बटण लाकडाची पाचर मारून दाबूनच ठेवलेलं असायचं, म्हणजे एका हाताने बटण दाबायचं आणि दुसऱ्याने पत्रा सारायचा. तो दुसरा हात आत राहिला. मधली बोटं गेली, अंगठा आणि करंगळी राहिली. पोरं दारात थिजून उभी होती. किसनरावांनी डावी मूठ पुढे केली आणि उघडली. तिच्यात काहीच नव्हतं.

"घाबरू नका," ते म्हणाले. "अंडं हाय."

त्यानंतरच्या गुरुवारी 'माझा एक हात कामात हाय' हे वाक्य आलं, तेव्हा सुभद्राबाई उठून बाहेर गेल्या.  मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, की हा शेवट आता पिक्चरचा राहिलेला नाही.

दिवस कुणासाठी थांबत नाहीत. प्लेअर बिघडला. घरात मोबाइल आले आणि मी कपाटात, जुन्या एक्स-रेच्या पाकिटात जाऊन पडले. नेहा इंजिनिअर झाली, कंपनीत लागली, वाकडला उंच इमारतीत तिने घर घेतलं. भूषण चाकणच्या एका कारखान्यात लागला, बसने जायचा यायचा, शिफ्ट दर आठवड्याला बदलायची. सुभद्राबाई गेल्या. आणि किसनराव विसरायला लागले.

आधी किल्ली, मग औषध, मग बायको गेल्याचंच विसरले. एकदा डबा घेऊन निघाले आणि कुठल्या तरी भलत्याच कंपनीच्या बसमध्ये जाऊन बसले. चाकणला त्या कंपनीच्या गेटवर वॉचमनने उतरवलं, तर त्याला म्हणाले, "लेट झालं, साहेब, माफ करा." त्या दिवशी भूषण रडला आणि नेहा बापाला वाकडला घेऊन आली. सामानाच्या पिशवीत एक्स-रेच्या पाकिटासकट मीही आले.

वाकडला माझा काय मान झाला म्हणता? नेहाच्या बाल्कनीत कबुतरांनी उच्छाद मांडला होता. कुणीतरी तिला सांगितलं, चकचकीत सीड्या टांग, कबुतरं भितात. तिने पाकिटं रिकामी केली, न बघता माझ्या पोटातल्या भोकातून सुतळी ओवली आणि कुठल्याशा गाण्यांच्या दोनचार सीड्यांबरोबर मला उन्हात लटकवलं. कुठे लढाया दाखवणारी मी आणि कुठे हे बुजगावण्याचं काम! बरं, कबुतरं भ्यायली तरी असती. एक कबुतर तर रोज माझ्यात बघून मान वेळावायचं. पण नेहाचा राग मला कधी आला नाही. दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसून थकलेली पोर, तिला माझ्या तोंडावरची पुसट अक्षरं कशी दिसणार?

आणि बाल्कनीचा एक फायदा होता. माझ्याखालीच किसनरावांची खुर्ची असायची. दिवसा त्यांना सांभाळायला कुसुमताई यायच्या, त्या तिथल्याच जुन्या गावातल्या. किसनराव त्यांना कधी आई म्हणायचे, कधी सुपरवायझर. आणि नेहाला म्हणायचे मॅडम.

"मॅडम, चहा घेतला का?" संध्याकाळी ती दमून आली की ते अदबीने उठून विचारायचे. पोटची पोर! ती हसून हो म्हणायची आणि बाथरूममध्ये जाऊन नळ मोठा सोडायची.

पण एक गोष्ट अजून शाबूत होती. काहीही चालता चालता बंद पडलं, मिक्सर म्हणा, पंखा म्हणा, की किसनराव उठून उभे राहायचे. "थांबा, रडू नका. पुढचं मला म्हाईत हाय." आणि सगळा शेवट, एक अक्षर न चुकता. पोरगं पडायचं, उठायचं, हरायचं. मूठ उघडायची. आणि मग, "जिंकलं कोण, नेहे?"

नेहे! दिवसभरात ते नाव फक्त तिथे यायचं. बाकी सगळीकडून पुसलं गेलं होतं, त्या प्रश्नात तेवढं उरलं होतं. हे नेहाच्या लक्षात आल्यावर ती रोज संध्याकाळी बापाशेजारी बसून टीव्ही लावायची आणि थोड्या वेळाने मुद्दाम बंद करायची. किसनराव उठायचे. ती त्या प्रश्नाची वाट बघत बसायची. आला की "अंडं" म्हणायची आणि मगच जेवायला उठायची. मी वरून बघायचे. इतक्या प्रेमाने टीव्ही बंद करणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

मग तिच्या मनात आलं, की बाबांना पिक्चर दाखवावा. अख्खा, मोठ्या पडद्यावर. मुठीतलं अंडं, म्हातारा, कोंबड्या असं काहीबाही लिहून तिने शोध शोध शोधला आणि एका रविवारी तो तिला सापडला. हिंदीतलाच. लहान मुलीसारखी उडी मारली तिने. भूषणला फोन केला, तर त्याचा ओव्हरटाइम होता. "तू दाखव, ताई, मी नंतर बघतो," तो म्हणाला. गुरुवारी तिने रजा टाकली. कुसुमताईंनाही बसवून घेतलं.

काचेचं दार उघडं होतं. खोटं कशाला सांगू, माझंही काळीज धडधडत होतं. मी माझी बहीण कधी पाहिलीच नव्हती.

पिक्चर सुरू झाला. नेहा मध्येच हसली. लहानपणी जो डोंगर बघून ती घाबरायची, तो कापडावर रंगवलेला निघाला. म्हाताऱ्याची दाढी चिकटवलेली होती आणि एका बाजूने सुटत होती. लाथ हवेत बसायची आणि आवाज नंतर यायचा. "एवढासाच होता का हा पिक्चर?" ती स्वतःशीच म्हणाली. पण मुलाच्या मुठीत अंडं आलं तेव्हा ती हसायची थांबली आणि तिने बापाकडे पाहिलं. किसनरावांचे डोळे लकाकत होते. त्यांची डावी मूठ आपोआप वळली होती.

सामन्याचा दिवस आला. मुलाने पाय पुढे टाकला. किसनराव खुर्चीच्या दांड्यांवर जोर देऊन उठले. "थांबा, रडू नका, पुढचं मला..."

पण अक्षरं आलीच नाहीत. हवेतून येणाऱ्या पिक्चरला कुठला पहिला भाग आणि कुठला दुसरा? तो चालतच राहिला. मुलगा मार खात होता, खात होता, आणि मग त्याचा चेहरा बदलला. त्याने डावी मूठ वर धरली आणि करकचून आवळली. अंडं फुटलं. पिवळा बलक बोटांतून ओघळला. त्याच मुठीने त्याने त्या गड्याच्या तोंडावर असा ठोसा हाणला की गडी आडवा. लोक नाचायला लागले, ढोल वाजले, अंथरुणातला म्हातारा हसला. मुलगा जिंकला होता.

किसनराव उभेच होते.

"फोडलं," ते म्हणाले.

"बाबा, बसा ना. जिंकला तो."

"फोडलं की हो त्यानं, मॅडम." आणि ते खाली बसले.

मित्रांनो, त्या संध्याकाळी नेहाने टीव्ही लावून बंद केला. किसनराव उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी केला, तिसऱ्या दिवशी केला. ते भिंतीकडे बघत राहिले.

"नेहाताई, तुमी त्यास्नी त्या दिशी काय दावलं वं?" कुसुमताईंनी विचारलं. "आता बोलतच न्हाईत. म्या पुसते, जिंकलं कोण, तर नुसतं माझ्या तोंडाकडं बघत्यात. रोजची सवय लागली व्हती मला त्या पोराची. घर कसं मुकं झालंय."



पुढच्या गुरुवारी भूषण आला. बहीणभाऊ बाल्कनीत, माझ्याच खाली उभे राहिले.

"ताई, कुठला शेवट दाखवलास?"

"खरा."

"खरा कुणी मागितला होता?"

"मला वाटलं, त्यांनी पाहिलाय. कंपनीत पाहिला म्हणायचे ना?"

"प्रेसवरच्या माणसाला कंपनीत पिक्चर कोण दाखवतंय, ताई?" भूषण म्हणाला. "त्या दिवशी मी रडत होतो म्हणून त्यांनी रचला. उभ्या उभ्या."

नेहा खाली रस्त्यावरच्या गाड्यांकडे बघायला लागली. मग म्हणाली, "माझं नाव तेवढंच तिथं उरलं होतं, भूषण. ते मीच पुसलं."

 भूषणने मान वर केली आणि त्याला मी दिसले. सुतळीवर गोल गोल फिरणारी. त्याने मला हातात धरून थांबवलं आणि तोंडावरची पुसट अक्षरं वाचली. "फायटिंग... ताई, हिला तू कबुतरांसाठी टांगलीस?" नेहाने तोंडावर हात ठेवला. त्या क्षणी मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! कुणीतरी आपल्याला नावाने ओळखावं, एवढंच तर हवं असतं.

भूषणने चिखलीत घरोघर विचारून कुणाच्या तरी माळ्यावरचा प्लेअर मिळवला. पुढच्या गुरुवारी तो घेऊन आला. माझ्यावर तोंडाची वाफ सोडली, बनियनने हळुवार पुसलं, पुन्हा वाफ, पुन्हा पुसणं. माझी पाठ उन्हाने करपली होती, सुतळीने चरे पडले होते. मला माझी अवस्था ठाऊक होती. मी मनातल्या मनात म्हटलं, फक्त एकदा. त्या अक्षरांपर्यंत पोहोचू दे, मग माझं काय व्हायचं ते होवो.

प्लेअर घरघरला. मी फिरले. मुलगा गावात आला, मार खाल्ला. चित्र तुटत होतं, चौकोन चौकोन होत होतं, तरी मी नेटाने पुढे जात होते. म्हातारा आला, कोंबड्या आल्या. म्हाताऱ्याने मुलाच्या मुठीत अंडं ठेवलं, मुठीवर आपला हात ठेवला, आणि मी अडकले. खूप धडपडले हो! प्लेअर आतल्या आत कण्हत राहिला, पण चित्र पुढे जाईना. अक्षरं कितीतरी लांब होती. मी हरले.

भूषण प्लेअर बंद करायला उठला. पडद्यावर मूठ तशीच थबकली होती, आत अंडं, अजून न फुटलेलं.

"थांबा," मागून आवाज आला.

किसनराव उठले होते. कुसुमताईंनी त्यांना धरलं. ते टीव्हीजवळ गेले आणि पडद्यावरच्या त्या मुठीवर त्यांनी आपला दोन बोटांचा उजवा हात ठेवला.

"रडू नका," ते म्हणाले. पुढचं त्यांना आठवेना. ओठ हलत होते. "पोरगं... पोरगं आत गेलं. गडी म्हणला..." पुन्हा थांबले.

"दोन्ही हातांनी लढ," भूषण हळूच म्हणाला.

"व्हय, न्हाईतर मरशील," कुसुमताई म्हणाल्या. त्यांनाही सगळं पाठ होतं.

"माझा एक हात," किसनराव म्हणाले, "कामात हाय."

पुढचं पडणं नाही, उठणं नाही, हरणंही नाही. ते सगळं गळून गेलं होतं. ते वळले, सावकाश नेहासमोर आले आणि डावी मूठ पुढे केली. नेहाने ओंजळ धरली. तिला वाटलं, आता प्रश्न येईल. तिचं उत्तर ओठांवर होतं. पण किसनरावांनी विचारलं नाही. त्यांनी रिकामी मूठ तिच्या ओंजळीत उघडली आणि तिची बोटं एक एक करून मिटवली.

"धर, नेहे," ते म्हणाले. "हळू."

त्यानंतर ते नाव त्यांच्या तोंडून कधी आलं नाही. थंडी सुरू व्हायच्या आत किसनराव गेले.

चिखलीच्या बुद्धविहारात त्यांच्या स्मरणार्थ पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. भूषणने त्यांच्या फोटोला टेकवून मला ठेवलं. येणारा जाणारा विचारत होता, सीडी कशाला ठेवलीय, भाषणाची आहे का? वंदना झाली, चार माणसं किसनरावांविषयी चांगलं बोलली. भूषणला बोलायला बोलावलं. तो माइकसमोर उभा राहिला. फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्याला एवढंच बोलता आलं:

"जिंकलं कोण?"

सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. पोराला दुःख सोसवेना, असं कुणी कुजबुजलं. तेवढ्यात बायकांच्या बैठकीतून नेहा म्हणाली, "अंडं." आणि तिच्यामागे बसलेल्या कुसुमताई म्हणाल्या, "अंडं."

मित्रांनो, जुन्या वस्तू सांभाळा, सीड्या उन्हात टांगू नका, असं मी सांगणार होते. पण आता कुणाच्या घरी सीडीच नाही, मग सांगून उपयोग काय? म्हणून दुसरं सांगते. तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस एखादी गोष्ट भलतीच सांगत असेल, तर मोबाइल काढून लगेच खरी शोधू नका. तिला हात लावण्याआधी, ते माणूस कुणाचं नाव घेऊन ती सांगतंय तेवढं ऐका. खरी गोष्ट कुठे जात नाही, ती हवेत कायम असते. सांगणारा मात्र जातो.

मी आता नेहाच्या टीव्हीखालच्या खणात असते. बाल्कनीतल्या बाकीच्या सीड्याही तिने उतरवल्या, कबुतरांना मोकळं रान आहे. कधीकधी संध्याकाळी ती कामावरून येते, टीव्ही लावते, बंद करते आणि अंधाऱ्या पडद्यासमोर डावी मूठ मिटून बसते. मला कुणी लावत नाही, लावली तरी मी त्या मुठीच्या पुढे जाणार नाही. माझ्यात ते अंडं कधीच फुटत नाही. तेव्हा थांबा, रडू नका. पुढचं मला म्हाईत हाय.